हिरवी दीप्ती आणि काळा खडक

नागपूरहून पूर्वेस निघालेला लोहमार्ग गोंदिया ओलांडून, आमगाव आणि सालेकसा ही स्थानके मागे टाकून दरेकसाच्या डोंगरात शिरू लागतो, तेव्हा भाताच्या बांध्यांचा सपाट मुलूख संपतो आणि तांबूस-तपकिरी, कठीण, उभ्या चिरा गेलेल्या पाषाणाचा प्रदेश सुरू होतो. सहलीस आलेली मंडळी येथे हाजऱ्याचा धबधबा पाहून परततात, गोंड भाविक कचारगडच्या गुहेकडे वळतात, आणि पायाखालच्या दगडाची चौकशी सहसा कोणी करीत नाही. वास्तविक हा दगड म्हणजे दोन अब्ज वर्षांपेक्षाही अधिक काळापूर्वी थिजलेला ज्वालामुखीचा रस असून भूवैज्ञानिक त्यास ‘बिजली रायोलाइट’ म्हणतात. त्याच्या शेजारी डोंगरगडचा ग्रॅनाइट आहे, आणि या साऱ्यांच्या पश्चिमेस व तळाशी त्यांहूनही वृद्ध असा आमगावचा पट्टिताश्म पसरलेला आहे. भाताच्या गिरण्यांखेरीज ज्या आमगावाचे नाव जिल्ह्याबाहेर फारसे कोणी घेत नाही, ते जगातल्या भूविज्ञानाच्या ग्रंथांत या पट्टिताश्मामुळे कायमचे नोंदले गेले आहे, ही गोष्ट खुद्द आमगावकरांपैकी किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे!

या खडकांत युरेनियम आहे. ते फार नाही, तरी सरकारी तक्त्यात महाराष्ट्राच्या नावापुढे एक आकडा मांडता यावा इतके आहे. हे युरेनियम ओळखावे कसे, आणि ज्या पिवळ्या-हिरव्या खनिजाच्या दीप्तीमुळे त्याची एवढी ख्याती झाली त्या दीप्तीच्या साक्षीवर विश्वास किती ठेवावा, या प्रश्नाचा इतिहास मोठा मनोवेधक आहे. आणि तो गोंदियाच्या जंगलात येऊन पोहोचण्यापूर्वी युरोपातील दोन-तीन प्रयोगशाळांतून फिरून आलेला आहे.

आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी जन्मास आला. त्यापूर्वी हा सारा टापू भंडाऱ्यात मोडत असे. भोसल्यांच्या अमदानीत आणि पुढे इंग्रजी अमलातही येथे कामठा, आमगाव, सालेकसा, दरेकसा अशा जमीनदाऱ्या होत्या, आणि त्यांपैकी कामठ्याच्या चिमणा पटेलाने १८१८ साली इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले हे विदर्भाच्या इतिहासात नमूद आहे. इंग्रजांच्या दप्तरात या जमीनदाऱ्यांची जी वर्णने सापडतात, त्यांत जंगल, लाख, मोहा, तलाव आणि वसूल यांचा तपशील काटेकोर असतो, परंतु दगडाचा विषय निघाला की लेखणी आखडते. दगडाकडे साहेबाचे लक्ष वळविले ते मँगनीजने. विसाव्या शतकाच्या आरंभी नागपूर, भंडारा आणि बालाघाट या पट्ट्यात मँगनीजच्या खाणींची धामधूम उडाली, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लुईस ली फर्मर याने १९०९ साली या खनिजांवर आपला प्रचंड ग्रंथ सिद्ध केला, आणि येथील एका मँगनीजधारी खडकास त्याने गोंड लोकांच्या नावावरून ‘गोंडाइट’ असे नाव दिले. युरेनियमच्या शोधात मात्र त्या काळी कोणी हिंडत नव्हते, आणि हिंडावे तरी कशासाठी? त्या धातूचा बाजारातला उपयोग काचेला व चिनी मातीच्या भांड्यांना रंग देण्यापलीकडे फारसा गेलेला नव्हता.

मार्टिन क्लापरोट या जर्मन रसायनज्ञाने १७८९ साली पिचब्लेंड नावाच्या जड, काळ्या, डांबरासारख्या खनिजातून हे मूलद्रव्य ओळखले आणि नुकत्याच सापडलेल्या युरेनस ग्रहावरून त्याचे नामकरण केले. पिचब्लेंड दिसावयास कुरूप. परंतु तेच पिचब्लेंड जेथे उघड्यावर पडून हवापाण्याने झिजते, तेथे त्याच्या आसपास पिवळ्या, लिंबोणी, पाचूसारख्या हिरव्या अशा नाजूक स्फटिकांची एक संततीच निर्माण होते. यांपैकी पिवळा तो ऑटुनाइट, फ्रान्समधील ओतँ या गावावरून नाव पावलेला. आणि हिरवा तो टॉर्बर्नाइट, स्वीडिश रसायनज्ञ टॉर्बर्न बर्गमन याच्या स्मरणार्थ. दोघेही पातळ चौकोनी पापुद्र्यांचे असल्यामुळे जुने खनिजज्ञ त्यांस ‘युरेनियमचे अभ्रक’ म्हणत. दोघांची घडणही जवळजवळ एकच आहे. फरक एवढाच की ऑटुनाइटात कॅल्शियम आहे आणि टॉर्बर्नाइटात तांबे.

हा एवढासा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली ऑटुनाइट धरला तर तो अशा उग्र पिवळ्या-हिरव्या तेजाने पेटून उठतो की प्रथम पाहणाऱ्यास तो दगड स्वतःच जळत असल्याचा भास व्हावा. आणि त्याच दिव्याखाली टॉर्बर्नाइट मात्र काळाठिक्कर बसून राहतो. युरेनियमचा अंश दोघांतही निम्म्याच्या आसपास आहे. परंतु तांब्याचे अणू युरेनियमने शोषलेली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडण्यापूर्वीच गिळून टाकतात. केवळ दीप्तीवर विसंबणारा शोधक टॉर्बर्नाइटाने मढलेल्या कड्याजवळून रात्री रिकाम्या हाताने परत जाईल.

या दीप्तीला, म्हणजे अदृश्य किरण शोषून दृश्य प्रकाश परत करण्याच्या गुणाला, अनुस्फुरण म्हणतात. १८५२ साली जॉर्ज स्टोक्स या आयरिश शास्त्रज्ञाने त्याचा उलगडा केला आणि त्याचे इंग्रजी नाव फ्लुओराइट या खनिजावरून घेतले. ते फ्लुओराइट सीमेपलीकडे छत्तीसगडात राजनांदगावच्या बाजूस चांदी डोंगरी येथे, याच डोंगरगड ग्रॅनाइटच्या आश्रयाने सापडते, हा योगायोग येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. स्टोक्सनंतर पॅरिसच्या बेकरेल घराण्याने हा विषय जणू मिरासीने चालविला. पित्याने युरेनियमच्या क्षारांचे अनुस्फुरण अभ्यासिले होते. पुत्र आंरी बेकरेल याने १८९६ साली, क्ष-किरणांचा शोध नुकताच गाजत असताना, असा तर्क केला की जे पदार्थ उन्हात ठेवल्यावर चमकतात तेच चमकताना क्ष-किरणांसारखे काही बाहेर टाकीत असावेत. काळ्या कागदात गुंडाळलेली छायाचित्राची काच, तिच्यावर युरेनियमच्या क्षाराचे कवच, आणि वर पॅरिसचा सूर्य, असा त्याचा प्रयोग होता. फेब्रुवारीच्या अखेरीस ढगांनी सूर्य झाकला, तेव्हा त्याने सारे सामान टेबलाच्या खणात टाकले, आणि १ मार्चला ती काच धुऊन पाहतो तो तिच्यावर ठसा उमटलेला! ऊन नव्हते, म्हणजे चमक नव्हती. आणि किरण मात्र होते. पुढील काही आठवड्यांत त्याने अजिबात न चमकणारे युरेनियमचे क्षार घेतले, मग प्रत्यक्ष धातू घेतला. सर्वांतून तेच किरण निघाले. ज्या गुणाचा माग काढीत तो आला होता त्या गुणाचा या किरणांशी काडीचाही संबंध नव्हता. विज्ञानाच्या इतिहासात चुकीच्या तर्कावर इतके मोठे व्याज क्वचितच मिळाले असेल.

दोन वर्षांनी मारी क्यूरीने याच खनिजकुलाला पुन्हा हात घातला. निरनिराळ्या खनिजांचा किरणोत्सर्ग मोजताना तिला आढळले की पिचब्लेंड शुद्ध युरेनियमपेक्षा सुमारे चौपट आणि टॉर्बर्नाइट, ज्याला त्या वेळी चाल्कोलाइट म्हणत, सुमारे दुप्पट प्रभावी आहे. निम्मेच युरेनियम असलेला दगड पूर्ण युरेनियमहून प्रबळ कसा, याचा निर्णय करण्यासाठी तिने शुद्ध रसायनांपासून कृत्रिम चाल्कोलाइट तयार केला. रचना तीच, घटक तेच; पण त्याचा प्रभाव मात्र युरेनियमच्या अंशाला साजेल इतकाच भरला. अर्थ उघड होता: खाणीतून आलेल्या दगडात युरेनियमखेरीज आणखी कोणीतरी दडलेले आहे. १८९८ सालच्या एप्रिलमध्ये हे टिपण फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे वाचले गेले, आणि वर्ष संपण्यापूर्वी पोलोनियम व रेडियम यांची घोषणा झाली. न चमकणाऱ्या हिरव्या अभ्रकाने हा शोध लावून दिला. संग्राहकांच्या कपाटात मानाचे पान चमकणाऱ्या ऑटुनाइटाला मिळते. इतिहासाच्या दप्तरात ते टॉर्बर्नाइटाला द्यावे लागेल.

हिंदुस्थानात गयेजवळच्या पिछलीच्या अभ्रकखाणीत पिचब्लेंड सापडल्याचे वृत्त १९१९ साली प्रसिद्ध झाले होते. पण ते कुतूहलाच्या सदरातच राहिले. १९४५ च्या ऑगस्टमधील अणुबाँबनंतर मात्र या धातूकडे पाहण्याची सगळ्याच सरकारांची दृष्टी पालटली. १० ऑगस्ट १९४८ रोजी होमी भाभांच्या अध्यक्षतेखाली अणुऊर्जा आयोग स्थापन झाला, आणि पुढील वर्षाच्या जुलैत दुर्मीळ खनिजांच्या सर्वेक्षणासाठी एक लहानसे पथक निघाले. त्याची धुरा दाराशा नौशेरवान वाडिया यांच्याकडे आली. हिंदुस्थानच्या भूविज्ञानावरील ज्यांचा ग्रंथ दोन पिढ्यांनी शिरोधार्य मानला आणि ज्यांनी हिमालयाची घडण उलगडण्यात हयात घालविली, ते वाडिया त्या वेळी पासष्टी गाठून होते. ज्या वयात इतर लोक पेन्शनीचा हिशेब करीत बसतात त्या वयात या गृहस्थाने देशभर तरुण भूवैज्ञानिकांना गायगर गणित्रे देऊन रानोमाळ पाठविले. १९५१ साली सिंगभूममध्ये जादुगुडाचा युरेनियमसाठा हाती लागला. ते पथकच पुढे विस्तार पावून अणुखनिज विभाग झाले, १९५५ पासून विमानातूनही सर्वेक्षण होऊ लागले, आणि विभागाच्या मध्य क्षेत्राचे ठाणे नागपुरास पडले.

नागपूरच्या या ठाण्याकडे जो पूर्वेचा मुलूख आला त्यात आपला दरेकसाचा डोंगरही होता. बस्तरकडून कोटरीच्या खोऱ्याने उत्तरेस येणारा आणि डोंगरगडपाशी रुंदावणारा हा प्राचीन खडकांचा पट्टा शोधकांना आशेचा वाटला, कारण त्यात वृद्ध ग्रॅनाइट होता, ज्वालामुखीचा अम्लधर्मी रस होता, आणि खडक चिरडून पीठ झालेले लांबच लांब भंगपट्टे होते. ग्रॅनाइट व रायोलाइट यांत युरेनियम मुळातच इतर खडकांपेक्षा किंचित अधिक असते. उष्ण द्रव भंगांतून वाहू लागले की ते विखुरलेले युरेनियम गोळा करतात आणि जेथे त्यांना अनुकूल असा लोहयुक्त काळा खडक भेटतो तेथे ते टाकून देतात. असे द्रव वाहून गेल्याला अब्जावधी वर्षे लोटली तरी त्यांनी मागे ठेवलेला मजकूर वाचता येतो.

तो वाचण्याची रीत ऐकावयास सोपी आणि आचरण्यास कष्टाची आहे. हिवाळ्यात भाताची कापणी उरकल्यावर, ओढे आटून खडक उघडे पडले म्हणजे, माणसे गणित्र घेऊन ओढ्याच्या पात्राने, डोंगराच्या सोंडेने ठरावीक अंतरावर रेघा धरून चालतात. जेथे काटा नेहमीपेक्षा वर जातो तेथे खूण होते. पण काट्याचीही साक्ष निर्भेळ नसते. ग्रॅनाइटातले पोटॅशियम किरणोत्सर्गी आहे, थोरियमही आहे, आणि साधे गणित्र या तिघांत भेद करीत नाही; तो करावयाचा तर प्रत्येक किरणाची शक्ती वेगळी मोजणारे यंत्र लागते. शिवाय गॅमा किरण मुख्यत्वे युरेनियममधून निघत नाहीत, त्याच्या विघटनातून जन्मलेल्या वंशजांतून निघतात. पावसाळ्याचे पाणी खडकातले युरेनियम धुऊन नेते आणि रेडियम मागे ठेवते, तेव्हा पोकळ झालेला दगडही गणित्रापुढे मोठमोठ्याने ओरडतो. उलट त्याच पाण्याने खालच्या फटीत नुकताच, म्हणजे भूविज्ञानाच्या हिशेबाने नुकताच, घडविलेला ऑटुनाइट निम्मा युरेनियमचा असूनही त्याचे वंशज अद्याप पुरते जन्मलेले नसल्यामुळे आपल्या ऐश्वर्याच्या मानाने फारच हळू बोलतो. तेथे दिवा उपयोगी पडतो.

अशा प्रदेशात अतिनील दिवा घेऊन रात्री निघालेल्या माणसास पहिला उजेड बहुधा खनिजाचा दिसत नाही. तो विंचवाचा दिसतो. विंचवाचे कवच या किरणांखाली निळसर-हिरवे झगझगते, आणि दरेकसाच्या चिरांत त्यांची वाण नाही. त्यानंतर कॅल्साइट दिसते, पांढरट किंवा, मँगनीजचा अंश असल्यास, तांबडे. फ्लुओराइट निळसर जांभळे दिसते. आणि कधी एखाद्या भेगेत काचेसारखा ओपलचा थर असा सुरेख हिरवा चमकतो की हातात युरेनियमची खाण आल्यासारखे वाटावे. त्या ओपलात युरेनियम असतेही, पण दहा लाखांत काही भाग एवढेच. त्याची चमक पैशापेक्षा पोशाख मोठा अशातली. खरा ऑटुनाइट ओळखावयाचा तर तेजाच्या जोडीस अन्य लक्षणे जुळावी लागतात: दिवसाच्या प्रकाशात लिंबोणी पिवळा रंग, नखापेक्षा फारसा कठीण नसलेला पापुद्रा, चौकोनी आकृती, आणि गणित्राचा निश्चित प्रतिसाद. आणि एवढे करूनही हाती जे लागते ते मूळ खनिज नव्हेच. चमकणारे युरेनियम म्हणजे प्राणवायूने पूर्ण भारलेले, पाण्यात विरघळून भटकलेले आणि फॉस्फेटच्या संगतीने पुन्हा स्थिर झालेले युरेनियम होय. खाणवाल्यास हवे असते ते खाली खोल अंधारात, प्राणवायूच्या स्पर्शाबाहेर राहिलेले काळे युरेनिनाइट (पिचब्लेंड हे त्याचेच रूप), आणि ते कोणत्याही दिव्याखाली चमकत नाही.

दिवा आणि गणित्र यांची साक्ष अशी परस्परविरोधी पडली म्हणजे निकाल कोणी द्यावा? गंमत अशी की तो निकाल देण्याचे काम अनुस्फुरणानेच पत्करले, मात्र डोंगरात नव्हे, प्रयोगशाळेत. १९२६ साली निकल्स आणि स्लॅटरी या अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिले की सोडियम फ्लुओराइड वितळवून केलेल्या मण्यात युरेनियमचा नखभरही नव्हे, लेशमात्र अंश मिसळला तरी तो मणी अतिनील किरणांत पिवळा-हिरवा चमकतो. नमुना कोणत्याही खडकाचा असो, युरेनियम काळे असो वा पिवळे, तांब्याचा सहवास असो वा नसो. आधी आम्लात विरघळवून, युरेनियम वेगळे काढून मग मणी केला की ही सारी विघ्ने टळतात, आणि तेजाच्या प्रमाणावरून ग्रॅमच्या अब्जांशापर्यंत माप घेता येते. विहिरीच्या पाण्यातले युरेनियम याच मार्गाने मोजले गेले, आणि पाण्याच्या बाटल्यांनी शोधकांना कित्येक ठिकाणी दगडापर्यंत नेऊन पोहोचविले.

या पट्ट्याचे फळ दोन नावांनी सांगता येते. राजनांदगावच्या बाजूस बोदल येथे साठा मिळाला आणि तेथे अणुखनिज विभागाने भूगर्भात उतरून चाचणीची खाणही खणली. गोंदिया जिल्ह्यातील नाव मोगर्रा. दोन्ही गावे एकेकाळी नागपूर राजधानी असलेल्या एकाच प्रांतात होती. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने पूर्वेकडचा भाग मध्य प्रदेशात राहिला (त्यातूनच पुढे छत्तीसगड वेगळे झाले), विदर्भ मुंबई राज्यात आला, आणि म्हणून आज युरेनियमच्या तक्त्यात बोदल छत्तीसगडच्या ओळीत तर मोगर्रा महाराष्ट्राच्या ओळीत बसते. संसदेपुढे ठेवलेल्या माहितीत महाराष्ट्राची ही ओळ ३५५ टन युरेनियम ऑक्साइड एवढी आहे. मेघालयाचा आकडा वीस हजार टनांच्या वर आणि आंध्राचा त्याहून कितीतरी पुढे असताना हे ३५५ टन कोणाच्या डोळ्यांत भरणारे नाहीत, आणि तेवढ्यासाठी जंगल फोडून खाण उघडण्याची घाई सरकारने केलेली नाही, हे माझ्या मते शहाणपणाचेच झाले. आपल्याकडच्या धातुकात टनामागे युरेनियम बहुधा किलोभरही निघत नाही. उरलेला सगळा टन, रेडियमसकट, कोठेतरी तळ्यात साठवून ठेवावा लागतो, आणि तलावांच्या या जिल्ह्याला तसल्या तळ्याची भर नको आहे.

संग्रहाविषयी दोन शब्द. युरोप-अमेरिकेत हौशी माणसे ऑटुनाइटाचे घोस काचेच्या कपाटात मांडून ठेवतात. आपल्याकडे १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने युरेनियम आढळल्यास तीन महिन्यांच्या आत सरकारला लेखी कळविण्याचे बंधन घातले आणि त्याच्या खाणकामाची मुखत्यारी सरकारकडे ठेवली, त्यामुळे असा खाजगी छंद येथे रुजला नाही. त्याची फार हळहळ वाटण्याचे कारण नाही, कारण ऑटुनाइट संग्राहकाशी इमान राखणारे खनिज नव्हे. त्याच्या स्फटिकात पाणी असते. खाणीच्या ओलाव्यातून निघून कोरड्या खोलीत आला की ते पाणी उडू लागते, काही काळाने पापुद्रे सुटतात, आणि किरणोत्सर्गी भुकटी कपाटात सांडते. कोणी त्यास रोगण लावतात, कोणी बुचाच्या बाटलीत कोंडतात. बंद खोलीत त्यातून निघणारा रेडॉन वायू साचतो तो निराळाच. सर्वेक्षणाचे लोक नमुना उचलतात तो सौंदर्यासाठी नव्हे: हातमोजा घालून, पिशवीत भरून, वर जागा, दिनांक आणि गणित्राचा आकडा लिहून. पुढे त्याचे पीठ होते, पिठाचे द्रावण होते, आणि विंधणातून काढलेले खडकाचे दंडगोल तेवढे क्रमांक घालून पेट्यांत ठेवले जातात. त्या दंडगोलांतला जो भाग सर्वांत मोलाचा असतो तो काळा असतो.